कण्हेरीची छाटणी टाकायची कुठे?

पावसाळ्यात कण्हेर तरारून वाढते. मग सोसायटीचा माळी कुंपण छाटतो, फांद्यांचा ढीग फाटकाबाहेर ओढून ठेवतो आणि पालिकेची गाडी येईपर्यंत तो तिथेच वाळत राहतो. त्याच रस्त्याने मोकाट गाई-शेळ्या फिरत असतात.

एरवी जनावरे कण्हेरीला तोंड लावत नाहीत, कारण हिरवे पान कडू असते. महामार्गाच्या दुभाजकावर तिची लागवड होते तीही याच भरवशावर : पाणी कमी लागते आणि गुरे खात नाहीत. हा भरवसा पान झाडावर असेपर्यंतचा. छाटलेले पान वाळले की त्याचा कडूपणा कमी होतो. विष मात्र तसेच राहते. ओलिअँड्रिन हे त्यातले मुख्य विष. ते थेट हृदयाचे ठोके बिघडवते. वजनाच्या 0.005 टक्के वाळकी पाने गुरांना मारक ठरू शकतात. म्हणजे 400 किलोच्या गाईला अवघी 20 ग्रॅम, साधारण दहा-वीस पाने. पिवळ्या फुलांची बिट्टीही तितकीच घातक.

केरळमध्ये पठाणमथिट्टा जिल्ह्यात 2024 साली छाटलेली कण्हेर खाऊन गाय आणि वासरू दगावल्याच्या बातम्या आल्या. त्याच सुमारास कण्हेरीचे पान चावल्याने एका तरुणीचा मृत्यू झाल्याचा संशय व्यक्त झाला आणि त्रावणकोर व मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य-प्रसादात ही फुले वापरणे थांबवले. आपल्याकडे गणपतीच्या एकवीस पत्रींत करवीर, म्हणजे कण्हेरच असते. पूजेनंतर ती पत्री गाईला घालणे पुण्याचे वाटते. निदान कण्हेरीची पाने तरी आधी वेगळी काढावीत.

मग घरच्या खतात टाकली तर? मोठ्या, चांगल्या तापणाऱ्या आणि वरचेवर उलथल्या जाणाऱ्या ढिगात हे विष हळूहळू विघटित होते, असे कॅलिफोर्नियातील अभ्यासात दिसले आहे. गच्चीवरच्या कुंडीत किंवा ड्रममध्ये तेवढी उष्णता क्वचितच तयार होते. त्यात हे पान चिवट, मेणचट. भाजीचे देठ कुजून माती झाली तरी कण्हेरीचे पान ओळखू येईल असे शिल्लक राहते आणि ते खत वाफ्यात पसरले की शेळ्यांच्या वाटेत पुन्हा तेच पान. जाळणे तर नकोच. धूर डोळ्यांना आणि छातीला त्रासदायक असतो.

2016 च्या घनकचरा नियमांनीच बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा साठवावा, रस्त्यावर टाकू वा जाळू नये, असे सांगितले होते. कण्हेरीसाठी त्याचा अर्थ सरळ आहे. हातमोजे घालून छाटणी करावी, त्याच दिवशी पाने-फांद्या गोणीत भरून तोंड बांधावे, गोणीवर ‘कण्हेर – विषारी’ असे ठळक लिहावे आणि पालिकेच्या बागकचऱ्याच्या गाडीत द्यावी. गवताच्या कापणीत ती मिसळू नये, कारण ते गवत बऱ्याचदा गोठ्यात जाते. गावात गाडी येत नसेल, तर आपल्याच जागेत, विहिरीपासून आणि दावणीपासून दूर, खोल खड्डा करून गाडावी. ओढ्यात किंवा हौदाजवळ टाकू नये.

सर्वांत जास्त धोका कडबाकुट्टीचा. बांधावरची कण्हेर चाऱ्याबरोबर यंत्रात गेली, की गव्हाणीत जनावराला पान बाजूला सारताच येत नाही.

लाळ गळणे, पोटदुखी, हगवण, थंड पडलेले पाय, अनियमित नाडी ही लक्षणे. कधी कधी जनावर थेट मेलेलेच आढळते. शंका आली तर ताक-तेल पाजण्यात वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवावे. 1962 ही पशुसेवेची टोल-फ्री हेल्पलाइन आहे. माणसाच्या, विशेषतः मुलाच्या तोंडात पान गेले असेल, तर उलटी करवत न बसता रुग्णालय गाठावे आणि ते पान सोबत न्यावे.