दृष्टिपटलाच्या चार पाकळ्या

उंदराचा डोळा जेमतेम तीन मिलिमीटरचा. मोहरीपेक्षा मोठा, मिऱ्यापेक्षा लहान. द्रावणात बुडवून मायक्रोस्कोपखाली घेतला की सगळ्यात आधी मी त्याची वरची बाजू शोधते. डोळा काढण्यापूर्वीच तिथे बारीक खूण केलेली असते. ती हरवली तर आठवड्याचं काम वाया जातं.

प्रयोगशाळेतलं माझं काम एवढंच: डोळ्यातलं दृष्टिपटल, म्हणजे रेटिना, अखंड बाहेर काढायचं आणि काचपट्टीवर सपाट पसरायचं. डोळा आधी पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवून घट्ट केलेला असतो. बारीक कात्रीनं कॉर्निया कापून काढते. आतलं भिंग मोत्यासारखं गोल, आणि उंदरात ते इतकं मोठं की डोळ्यातली बहुतेक जागा त्यानंच व्यापलेली. ते अलगद निसटलं की एक इवलीशी वाटी उरते. तिच्या आतल्या अंगाला दृष्टिपटल असतं. चिमट्यानं ओढलं की फाटतं, म्हणून मऊ ब्रशनं कडेकडेनं सोडवत जायचं. सुटल्यावरही ते वाटीसारखंच राहतं. मग कडेपासून मध्याकडे चार काप द्यायचे. वाटी उलगडते आणि चार पाकळ्यांचं फूल समोर पसरतं. त्या क्षणी मी नेहमी श्वास रोखून धरते.

दृष्टिपटलात उजेड टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या. अंधुक उजेडासाठी दंड पेशी, रंगांसाठी शंकू पेशी. उंदरात शंकू अगदी थोडे, शंभरात तीनच्या आसपास. पेशी कोणता रंग टिपणार हे तिच्यातल्या ऑप्सिन नावाच्या प्रथिनावर ठरतं. उंदराकडे अशी दोन ऑप्सिनं आहेत: एक हिरव्या उजेडासाठी, दुसरं आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील उजेडासाठी. दोन्हींना ओळखणारी प्रतिपिंडं पाकळ्यांवर सोडायची, ती फ्रिजमध्ये रात्रभर मुरू द्यायची, दुसऱ्या दिवशी धुऊन चमकणारे रंग जोडायचे. पुढचं सगळं अंधारात.

निरोगी उंदराचं फूल पडद्यावर आलं की खूण का जपायची ते कळतं. वरच्या पाकळीत हिरवं ऑप्सिन दाट, खाली अतिनीलवालं. मधल्या पट्ट्यात कित्येक शंकू दोन्ही बाळगून असतात. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे दृष्टिपटलाची खालची बाजू आकाश पाहते आणि वरची बाजू जमीन.

मग थायरॉइड दाबून टाकलेल्या उंदराची काचपट्टी लावते. या प्रौढ उंदराला काही आठवडे मेथिमॅझोल दिलेलं असतं. हे औषध ग्रंथीला संप्रेरक बनवू देत नाही. काचपट्टीवर वरची पाकळीसुद्धा अतिनील ऑप्सिननं भरलेली आणि हिरवं ओसरलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिरवे शंकू मेले. चौकोन आखून एकेक पेशी मोजली. संख्या तेवढीच. पेशी जागच्या जागीच होत्या, फक्त त्यांच्यातलं ऑप्सिन बदललं होतं.

हे आमच्या आधी, 2011 मध्ये, जर्मन संशोधकांच्या गटानं उंदीर आणि रॅट या दोन्हींत दाखवून दिलं होतं. संप्रेरक पूर्ववत झालं की ऑप्सिनची मांडणीही परत येते, हेही त्यांनी दाखवलं. जन्माच्या सुमारास थायरॉइड संप्रेरक शंकूंची जात ठरवतं, हे 2001 पासून माहीत होतं. पण एकदा ठरलेलं आयुष्यभर तसंच राहतं, अशी समजूत होती. पुढे 2018 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मूळपेशींपासून मानवी दृष्टिपटलाचे गोळे वाढवले गेले. त्यांत आधी निळे शंकू तयार झाले, लाल-हिरवे नंतर, आणि हा क्रम थायरॉइड संप्रेरकाच्या संदेशावर चालला. म्हणजे गर्भातल्या बाळाच्या डोळ्याशीही या संप्रेरकाचं नातं आहे.

मी स्वतः गेली नऊ वर्षं थायरॉइडची गोळी घेते, म्हणून एक गोष्ट बजावून सांगते. उंदरात दिसलं ते प्रौढ माणसात तसंच घडतं, असं या काचपट्ट्या सिद्ध करत नाहीत. रंग फिके वाटू लागले तर त्यामागे मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याच्या शिरेचा आजार असू शकतो. थायरॉइडशी निगडित एका आजारात डोळ्यामागचे स्नायू सुजून ती शीर दाबली जाते आणि रंग मळकट दिसू लागतात. तिथे उशीर परवडत नाही. मनानं डोस वाढवू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

पण त्या मोजलेल्या चौकोनांनी माझी एक समजूत कायमची मोडली. शरीरातली एखादी गोष्ट एकदा घडली की घडली, असं मी मानत होते. उंदराच्या शंकूला मात्र आपला हिरवा टिकवायला रक्तातून रोज तोच निरोप यावा लागतो. औषध थांबवलेल्या उंदराची काचपट्टी मी शेवटी लावते. खुणेच्या बाजूची पाकळी फोकसमध्ये आणते. तिथे हिरवे ठिपके पुन्हा दाटलेले असतात, त्याच जुन्या पेशींत.