5.1 स्पीकर आणि घरचा कॉम्प्युटर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारामती-इंदापूरच्या बाजारातून 5.1चा संच घरी येतो, सगळे स्पीकर कपाटावर ओळीने मांडले जातात आणि मग पैसे वाया गेल्यासारखे वाटते. अशा वेळी दोष बहुधा संचात नसतो, जोडणीत आणि मांडणीत असतो.

गैरसमज: स्पीकर जास्त, म्हणजे आवाज मोठा.
वस्तुस्थिती: पाच स्पीकर पाच दिशांसाठी असतात आणि ‘पॉइंट वन’ म्हणजे खर्जाचा वूफर. आवाज कुठून येतो हे कळावे, यासाठी हा खटाटोप. गणपतीच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला आपण ‘डॉल्बी’ म्हणतो. पण रे डॉल्बी यांनी 1965 साली काढलेल्या कंपनीचे पहिले काम टेपवरची खरखर कमी करण्याचे होते.

गैरसमज: खोक्यावर वॉट जास्त, तो संच भारी.
वस्तुस्थिती: ‘पीएमपीओ’चा आकडा फसवा असतो, ‘आरएमएस’ वॉट बघा. तेही दुप्पट झाले तरी आवाज जेमतेम 3 डेसिबलने वाढतो.

गैरसमज: एक पिन खोचली की सगळे स्पीकर वाजतात.
वस्तुस्थिती: साध्या 3.5 मिमी पिनेतून दोनच चॅनेल जातात, म्हणून 5.1ला तीन पिना लागतात. सीपीयूच्या मागे बहुधा हिरव्या भोकात पुढचे स्पीकर, काळ्यात मागचे आणि नारिंगीत मधला स्पीकर व वूफर जोडतात. हिरवे, निळे, गुलाबी अशी तीनच भोके असतील, तर साउंड ड्रायव्हरमध्ये निळे मागच्या स्पीकरना आणि गुलाबी मधला स्पीकर व वूफर यांना देता येते. एकच भोक असलेल्या लॅपटॉपला 5.1चे यूएसबी साउंड कार्ड लावा. मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 5.1 निवडून एकेक स्पीकर वाजवून बघा.

गैरसमज: स्पीकर कुठेही ठेवले तरी चालतात.
वस्तुस्थिती: एक सुतळी घ्या. पुढच्या दोन स्पीकरमधले अंतर आणि प्रत्येकापासून तुमच्या डोक्यापर्यंतचे अंतर सारखे ठेवा. मधला स्पीकर नाकासमोर. मागचे दोन पार पाठीमागे नकोत. समोरच्या रेषेपासून 100 ते 120 अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे हवेत.

गैरसमज: खोलीत आवाज घुमतो, म्हणजे स्पीकर खराब.
वस्तुस्थिती: गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा असला की आवाज आपटून परत येतो. सतरंजी अंथरा, जाड पडदे लावा, मागच्या भिंतीवर गोधडी टांगा. खर्ज मात्र कापडाने आटोक्यात येत नाही. त्यासाठी वूफर कोपऱ्यातून बाहेर सरकवा.

गैरसमज: स्पीकर गुणगुणतात, तर अर्थिंगची पिन काढून टाकावी.
वस्तुस्थिती: असे कधीही करू नका. शॉक बसून जीव जाऊ शकतो. कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच बोर्डवर घ्या, ऑडिओच्या वायरी विजेच्या वायरींपासून दूर ठेवा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

शेवटी खरेदीचे. बहुतेक गाणी दोनच चॅनेलमध्ये ध्वनिमुद्रित झालेली असतात. मुख्यतः गाणीच ऐकायची असतील, तर सहा स्वस्त स्पीकरपेक्षा दोन चांगले घ्या. सिनेमे आणि गेम यांसाठी 5.1 जरूर घ्या. पण मागच्या स्पीकरपर्यंत वायर कशी न्यायची, हे खोली मोजून आधी ठरवा.