गेडिस साहेब, इंदूर आणि समाजशास्त्राचा वर्ग

नोकरीच्या पहिल्या वर्षांत बडा गणपतीजवळच्या एका गल्लीची मोजणी माझ्याकडे आली होती. घरांपुढचे ओटे मी नकाशावर लाल शाईने 'अडथळा' म्हणून दाखवले. संध्याकाळी परत गेलो तर त्याच ओट्यांवर बायका भाजी निवडत होत्या, पोरं अभ्यास करत होती. हे नकाशात कुठे दाखवायचं, ते इंजिनिअरिंगला कुणी शिकवलं नव्हतं.

मंडळाच्या बैठकीत परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, "काका, सामाजिक सिद्धान्त हा विषय नक्की कुठल्या विभागाचा?" माणसं एकत्र कशी राहतात, कुणाचा हुकूम कोण का मानतो, याची मांडणी म्हणजे सामाजिक सिद्धान्त. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला आपल्या इंदूरच्याच इतिहासात सापडतं.

पॅट्रिक गेडिस हा मुळात जीवशास्त्राचा माणूस, स्कॉटलंडमध्ये डंडीला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या काळात तो इंदूरला आला आणि 1918 साली दरबारासाठी शहराच्या विकासाचा दोन भागांतला अहवाल लिहिला. त्याची रीत साधी: आधी गल्लीबोळ पायी फिरायचे, मग पाडायचं ते कमीत कमी. स्थळ, काम आणि लोक, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय शहर कळत नाही, हा त्याचा आग्रह. त्या तिघांपैकी मला शिकवलं होतं ते फक्त स्थळ, तेही फुटांत मोजलेलं.

प्लेगच्या दिवसांत त्याने दिवाळीची मिरवणूक काढवली. जो भाग स्वच्छ, त्या भागातून ती जाणार. लोकांनी घरंदारं झाडून काढली. मिरवणुकीत प्लेगचा उंदीरही होता. (ज्या गावात बडा गणपती, तिथे उंदराला खलनायक करणं, हे धाडसच म्हणायचं!) साथीच्या औषधाइतकाच लोकांचा सण त्याला कामाचा वाटला. हे वैद्यक झालं की समाजशास्त्र?

पुढच्याच वर्षी, 1919 ला, मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग काढला तो याच माणसाच्या हाती देऊन. विभाग नीट बसवण्याचं काम त्याच्याकडून फारसं झालं नाही, असं माझं मत. फिरता माणूस तो. ते केलं गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. मालवणचे, संस्कृतचे एम.ए. केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे मानववंशशास्त्र शिकून आले आणि 1924 पासून विभाग सांभाळला. जातीवर लिहिताना त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथही वापरले आणि जनगणनेचे आकडेही. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे मूळच्या तत्त्वज्ञानाच्या. त्यांनी माणसांची शरीरमापं घेतली, नात्यागोत्याचे शब्द गोळा केले आणि 'युगान्त'मध्ये महाभारताची माणसं उलगडली.

वनस्पती, संस्कृत, तत्त्वज्ञान. तिघांपैकी एकही 'समाजशास्त्राचा पदवीधर' म्हणून या वाटेला लागला नाही. मात्र याचा अर्थ चार विषयांचं थोडं थोडं चाखणं, असा मी घेत नाही. घुर्यांचं संस्कृत पक्कं होतं, म्हणून त्यांना दुसरीकडे हात घालता आला. आपल्याकडे निवडक विषयांच्या यादीला आंतरविद्याशाखीय म्हणतात, तिथे हीच गल्लत होते.

म्हणून त्या मुलीला म्हटलं, एक विषय पक्का कर, दुसऱ्याची भाषा शिक, आणि आठवड्यातून एकदा बडा गणपती ते राजवाडा पायी जा, वही घेऊन.

तिने विचारलं, "काका, याचे मार्क किती?"