मून नाइट आणि सैलानीची वाट

बुलढाणा तालुक्यातील पिंपळगाव सराई येथे सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. हिंदू-मुस्लिम दोघेही येतात. मनाने आजारी माणसाला घेऊन दूरदूरची कुटुंबेही इथे येतात. कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात, कुणी स्वतःचे नावच वेगळे सांगतो. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा आहे.

अशाच एका माणसाला अमेरिकेतील चित्रकथेने नायक केले आहे. त्याचे नाव मून नाइट. डग मेंच आणि डॉन पर्लिन यांनी 1975 मध्ये मार्व्हलसाठी तो निर्माण केला. मार्क स्पेक्टर हे त्याचे खरे नाव; स्टीव्हन ग्रँट, जेक लॉकली ही सुरुवातीला त्याची घेतलेली सोंगे होती. पुढच्या लेखकांनी मात्र एकाच देहात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वे वावरण्याचा आजार त्याला आहे, असे दाखवले. 2016 च्या मालिकेत तो मनोरुग्णालयात जागा होतो. जे दिसते ते खरे की भास, हे त्याला कळत नाही आणि वाचकालाही कळत नाही.

2022 मध्ये त्याच्यावर सहा भागांची मालिका आली. तिचे मुख्य दिग्दर्शक मोहम्मद दियाब इजिप्तचे आहेत. तिथे या आजाराचे मूळ बालपणी आईकडून झालेल्या छळात दाखवले आहे. डॉक्टरही या आजारामागे बहुधा लहानपणीचा गंभीर आघात असतो, असे सांगतात. मालिकेतील प्राचीन मिसरी देवदेवता ही कल्पना आहे, हे मुलांना जरूर सांगावे. पण आजार कल्पना नाही, हेही सांगावे.

आपल्या परंपरेत अशा माणसाची हेटाळणी नाही. बुद्धी हरपलेल्या माणसावर, तो शुद्धीवर येईपर्यंत, शरीअतचे दायित्व नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आजारावर उपचार करण्यास सांगितले. कैरोमध्ये सुलतान कलावून यांनी 1284 मध्ये उभारलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी वेगळी सोय होती. त्याच्याही आधी, दहाव्या शतकात वारलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले होते.

मग साखळदंड कुठून आले? तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली. साखळीने बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. 28 जणांचा जीव गेला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी आहे.

दुआ करायला कुणी अडवत नाही. बाबांवर श्रद्धा असेल तर जिआरतही करावी. पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यात्रेच्या नावाने बंद करू नयेत. त्या अचानक थांबल्या की आजार उलटतो. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. विदर्भासाठी नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 14416 या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

घरातला मुलगा किंवा सून ‘मला काहीतरी ऐकू येते’ असे म्हणाली, तर तिला खोटारडी ठरवू नका. तो आवाज बाहेर नसेल, पण तिला होणारा त्रास खरा आहे. आधी तिचे ऐकून घ्या आणि त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या.