सर्वांत लहान बॉट आणि व्यवहाराचे शहाणपण

मूल संगणकावर खेळताना दिसले की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. परंतु काही खेळांत खेळाडू स्वतः खेळतच नाही. तो केवळ नियम लिहून देतो आणि संगणक त्यांनुसार खेळतो. अशा आज्ञावलीला ‘बॉट’ म्हणतात. दिवाणजीवर पेढी सोपवून मालक गावाला जातो, तसाच हा प्रकार. सूचना अपुऱ्या राहिल्या, तर तोटा मालकाचाच!

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड यांनी अशा बॉटांची एक स्पर्धा घेतली; तिचे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. खेळ साधा होता. प्रत्येक डावात दोघांनी एकाच वेळी ठरवायचे, सचोटीने वागायचे की फसवायचे. दोघेही सचोटीने वागल्यास प्रत्येकी ३ गुण, दोघांनीही फसवल्यास प्रत्येकी १. एकाने फसवल्यास त्याला ५ आणि सरळ वागणाऱ्यास शून्य. प्रत्येक जोडीने असे २०० डाव खेळायचे.

अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गणित अशा विषयांतील अभ्यासकांकडून १४ बॉट आले. त्यांतील सर्वांत लहान बॉट अनातोल रॅपोपोर्ट यांचा होता. त्याचे नियम दोनच : पहिल्या डावात सचोटीने वागावे; पुढे समोरच्याने मागील डावात जे केले, तेच करावे. जिंकला तोच! दुसऱ्या स्पर्धेत सहा देशांतून ६२ बॉट आले. पहिला निकाल सर्वांना ठाऊक असूनही पुन्हा तोच जिंकला.

विशेष म्हणजे, हा बॉट कोणत्याही एका प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक गुण मिळवू शकत नाही. फार तर बरोबरी साधतो. तरीही एकूण बेरजेत तो पुढे राहिला, कारण बहुतेकांशी त्याचा व्यवहार टिकला. पहिल्या स्पर्धेतील वरचे आठही बॉट स्वतःहून प्रथम न फसवणारे होते. एकदा दुखावल्यावर कायमचे वैर धरणारा बॉट मात्र त्या आठांत तळाशी राहिला. इतवारीतील जुन्या पेढ्यांना हे नवे वाटणार नाही. उधारी बुडवणाऱ्याचा माल थांबवावा. त्याने हिशेब चुकता केला की खाते पुन्हा उघडावे.

या पद्धतीतही उणीव आहे. एखादी चाल गैरसमजाने चुकली, तर अशा दोन बॉटांत सूड-प्रतिसूडाची साखळी सुरू होते. अधूनमधून एखादी चूक पोटात घालणारा बॉट अशा वेळी सरस ठरतो.

घरातील विद्यार्थ्याने आरंभ येथूनच करावा. पायथन भाषेत ‘अ‍ॅक्सलरॉड’ नावाचाच विनामूल्य संच असून त्यात दोनशेहून अधिक प्रतिस्पर्धी तयार आहेत. प्रथम वरील दोन नियमांचाच बॉट लिहावा. तो सदैव फसवणारा, सदैव सरळ वागणारा आणि कसाही वागणारा अशा तिघांशी खेळवावा. एका वेळी एकच नियम बदलावा आणि प्रत्येक निकाल रोजमेळाप्रमाणे वहीत नोंदवावा. पंधरा दिवसांनी ती वही वडिलांनीही जरूर चाळावी. मूल खेळले की शिकले, हे तीच सांगेल.