आखाजीच्या कुरडया

परीक्षा संपल्या, पोरं मोकळी झाली, आणि आता घरोघरी एकच विचारणा सुरू झाली असेल : गहू कधी भिजत घालायचा? आज मी त्याच कामाविषयी बोलणार आहे. कुरडई तर सगळ्यांनाच येते, त्यात काय सांगायचं, असं तुम्ही म्हणाल. चार वर्षांपूर्वीपर्यंत मीही तसंच म्हणत होते.

माझं माहेर खानदेशातलं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. वैशाख शुद्ध तृतीयेचा हा सण आमच्याकडे दिवाळीच्या तोडीचा. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. बहिणाबाई चौधरींनी तर आखाजीवर कविताच केली आहे. सालदाराचं सालही आखाजीलाच संपायचं आणि नवं ठरायचं. पुरुष मंडळी त्या दिवशी पत्त्यांचा डाव मांडून बसतात, त्यावर मी काही बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. सकाळी पितरांच्या नावानं नवी मातीची घागर भरायची, तिच्यावर खरबूज, सांजोरी आणि आंबा ठेवायचा. घागर भरेपर्यंत घरात आंबा खायचा नाही. आम्ही पोरं आदल्या दिवशी आंब्याच्या आढीभोवती नुसती घुटमळायचो.

त्या दिवशीच्या ताटात पुरणपोळी, रशी, आमरस, भजी आणि कुरडई. म्हणून वाळवणाचं काम आखाजीच्या आधी उरकायचं. चैत्रातलं ऊन कोरडं असतं, नवा गहू घरात आलेला असतो आणि सुट्टीमुळे हाताखाली पोरं असतात. आमच्या धाब्याच्या घरावर पहिल्या आठवड्यात उडदाचे पापड, मग ज्वारीचे बिबडे, मग कुरडया, असा मायचा क्रम ठरलेला. गल्लीतल्या सात-आठ जणी आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा फिरायच्या. कुणी कुणाला पैसे दिले नाहीत. हिशेब मात्र पक्का असायचा. कुणाच्या दारी कोण आली नाही, हे पुढची पाच वर्षं लक्षात राहायचं.

चार वर्षांपूर्वी थंडीत मायला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा राहिली. त्या उन्हाळ्यात वहिनीनं आणि मी ठरवलं की कुरडया आपण करू, मायला त्रास नको. पाच किलो गहू भिजवला. लहानपणापासून बघितलेलं काम, सगळं येत होतं. कुरडया छान पडल्या, पांढऱ्याशुभ्र दिसल्या. तिसऱ्या दिवशी उलटायला गेलो तर हातात चुरा. निम्म्याच्या वर माल तुटला. ताटात ठेवायला सबंध अशा पंचवीस कुरडयाही निघाल्या नाहीत. माय बाजेवरून बघत होती. एवढंच म्हणाली, "चीक कच्चा उतरवला तुम्ही. मला विचारायचं होतं."

गेल्या उन्हाळ्यात मग विचारूनच केलं. मायची बाज चुलीजवळ आणली. हात माझे, वहिनी माप घ्यायला आणि सातवीतली भाची वही-पेन आणि घड्याळ घेऊन. मायला मापं सांगता येईनात. "अंदाजानं घे" हेच तिचं माप. शेवटी असं केलं की ती "बस" म्हणाली की आम्ही थांबायचं आणि भाचीनं मोजून लिहायचं. त्या वहीतलं तुम्हाला सांगते.

गहू पाच किलो, निवडून, तीन दिवस भिजवलेला. पाणी रोज बदलायचं. कडक उन्हाळ्यात पाणी लवकर आंबतं, त्यामुळे आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ बदलतात. चौथ्या दिवशी दाणा बोटांत दाबला की आतलं पांढरं दूध सुटून यायला हवं. टरफल हातात राहिलं आणि आतलं निघून आलं, की गहू झाला. दाबताना मधे टणक खडा लागला तर अजून एक दिवस. घाई केली तर चीक कमी निघतो आणि गहू चोथ्यात वाया जातो.

मग वाटण. पूर्वी पाटा-वरवंटा होता, आता मिक्सर. मिक्सरला एक सांगते, थोडा थोडा गहू घाला आणि भरपूर पाणी घाला. आम्ही एकदा जाडसर आणि एकदा बारीक, असं दोनदा फिरवतो. परातीत पाणी घेऊन चोथा चोळून पिळायचा, पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत. ते सगळं पाणी पातळ सुती फडक्यातून गाळायचं. असं का, तर गव्हात पोळीला लवचिकपणा देणारा चिकट भाग असतो आणि पिठूळ भाग असतो. चिकट भाग कोंड्याबरोबर वर राहतो, पिठूळ भाग पाण्याबरोबर खाली जातो. कुरडईला तो पिठूळ भागच हवा. राहिलेला चोथा माय म्हशीला घालत नसे. त्यात तिखट, मीठ, तीळ, जिरं घालून वड्या घालायची. पावसाळ्यात भाजी नसली की त्या तळलेल्या वड्या आणि भाकरी.

गाळलेलं पाणी रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वर पिवळसर, आंबूस वासाचं पाणी येतं आणि तळाला पांढरा चीक बसतो. वरचं पाणी हलक्या हातानं ओतून टाकायचं. इथं माय फार काटेकोर होती. पिवळं पाणी थोडं जरी राहिलं तरी कुरडई लालसर पडते आणि आंबट लागते.

आता शिजवणं, जिथं आमचं चुकलं होतं. खाली बसलेला दाट चीक जेवढी भांडी, तेवढीच भांडी पाणी. आधी पाणी उकळायचं, त्यात मीठ आणि हिंग. मिठाचं मायनं डाव्या हातानं चमच्यानं चाखून ठरवलं : पाणी रोजच्या भाजीच्या रश्शापेक्षा अळणी लागलं पाहिजे. वाळताना पाणी उडून जातं, मीठ तेवढंच राहतं. ओलं असताना बरोबर लागलेलं मीठ वाळल्यावर खारट होतं. मग आच कमी करून चीक धारेनं सोडायचा आणि दुसऱ्या हातानं लाकडी दांड्यानं हटत राहायचं. दोघी लागतात. एकटीनं करायला गेलात की गाठी झाल्याच.

पाच मिनिटांत चीक घट्ट होतो, दांडा ओढत नाही. इथंच माणूस फसतं. घट्ट झाला म्हणजे शिजला असं वाटतं. मी दांडा काढायला गेले तर माय म्हणाली, "अजून नाही." मी विचारलं, "कशावरून?" ती म्हणाली, "ऐक ना. अजून रटरटतोय. फद फद बोलायला लागला की सांग." आम्ही तिघी गप्प झालो. खरंच, आधी बारीक, घाईघाईचे बुडबुडे येत होते. मी हटत राहिले, खांदे भरून आले. मग आवाज जड झाला. एक बुडबुडा फुटला की मधे थांबा, मग दुसरा. रंगही दुधासारखा होता तो काचेसारखा झाला, भिजल्या साबुदाण्यासारखा. मायनं आता ओल्या हातानं वर थापटी मारायला सांगितली. चीक हाताला लागला नाही. मग झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं वाफ. भाचीनं घड्याळ बघून लिहिलं : चीक सोडल्यापासून उतरवेपर्यंत पस्तीस मिनिटं. पहिल्या वर्षी आम्ही बहुतेक दहा-बारा मिनिटांत उतरवला होता.

त्यामागचं कारण मी नंतर शाळेच्या बाईंना विचारलं. चिकाचे बारीक कण गरम पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. अर्धवट फुगलेले कण ओले असेपर्यंत एकत्र दिसतात, वाळले की सुटतात. म्हणून आमचा चुरा झाला.

सोऱ्यात चीक गरमच भरायचा, थंड झाला की दाबताना हात मोडतो. सोऱ्याला आतून पाण्याचा हात लावायचा. कुरडई फार जाड घालू नका. मधला वेढा जाड राहिला तर वरून वाळलेली दिसते, आत ओली राहते, आणि तळताना मधोमध टणक खडा होतो. तेलात कुरडई फुलते ती आत उरलेल्या किंचित ओलाव्याची वाफ होऊन. ओलावा जास्त असेल तर ती फुलत नाही, नुसती तळली जाते. पहिल्या दिवशी हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी उलटायच्या, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोडून बघायची. कट्‌ आवाज आला की डब्यात. भरण्याआधी सावलीत गार होऊ द्या, उन्हातून आणून गरम भरल्या की डब्याला आतून घाम येतो. आणि हल्ली चैत्र-वैशाखातही अवकाळी पाऊस गाठतो. आभाळ दिसलं तर ओल्या कुरडया एकावर एक ठेवू नका, घरात पंख्याखाली पसरा. एकदा बुरशी आली की पुसून, पुन्हा ऊन दाखवून खायच्या नाहीत. टाकवत नाही, मला माहीत आहे, पण टाका.

कुरडया वाळत घातल्या की राखण. कावळे, शेळ्या आणि सगळ्यात वाईट म्हणजे आम्ही पोरं. अर्धओली कुरडई चिवट, खारट, काय लागते ती! राखणीची मजुरी म्हणून माय सकाळीच वाटीभर गरम चीक द्यायची, वर तूप आणि साखर. तरी आम्ही चोरायचोच. कडेच्या कुरडयांचे वेढे कमी झालेले दिसले की ती म्हणायची, "यंदा कावळ्यांना दात आलेत वाटतं."

या राखणीच्या वेळातच गोधडी व्हायची. ओसरीतून धाब्यावरचं दिसायचं आणि हात रिकामे नसायचे. खाली जुनं सुती लुगडं, मधे धोतरं आणि फाटके सदरे, वर पुन्हा लुगडं. आधी मोठे कच्चे टाके घालून थर धरायचे, नाहीतर आतलं कापड सरकून गोळा होतं. मग काठापासून आत आत टाके घालत मधे यायचं. नायलॉनच्या साड्या मायनं कधी घेतल्या नाहीत. त्या घसरतात, घाम पीत नाहीत. माझ्याकडे आहे त्या गोधडीत आजीचं हिरवं लुगडं आहे आणि भावाची शाळेची खाकी चड्डी. एका कोपऱ्यात टाके वाकडेतिकडे आहेत, ते माझे, आठव्या वर्षीचे. मायनं ते उसवले नाहीत.

आता थोडं पैशाचं. मागच्या वर्षी शहरातल्या एका दुकानदारानं आमच्या गटाला कुरडया मागितल्या, तीनशे रुपये किलोनं. आम्ही खूश. पण वही हातात होती म्हणून मोजलं. पाच किलो गव्हाच्या सव्वादोन किलो कुरडया झाल्या होत्या. त्याचे सहाशे पंचाहत्तर रुपये. गहू, सरपण, मीठ, हिंग, पिशव्या मिळून अडीचशे गेले. राहिले सव्वाचारशे. वाटायला दोघी तीन तास, शिजवायला-घालायला चौघी चार तास, म्हणजे बावीस तासांचं काम. तासाला वीस रुपयेही पडत नाहीत. आणि यात राखण धरलेली नाही. निंदणीला याहून जास्त मिळतं. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "घरात बसून तर करता." गल्लीत आपण एकमेकींना हातानं हात परत द्यायचो, तिथं भाव लागत नव्हता. दुकानात तो लागतो. आम्ही त्याला नाही म्हटलं. यंदा वीस किलोचा घाणा एकदम करून बघणार आहोत, वाटण गिरणीवाल्याच्या ओल्या यंत्रावर, म्हणजे किलोमागचे तास कमी होतील. मग भाव आम्ही सांगू. विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणीही हवी, त्याचा अर्ज भरून झाला आहे.

भाचीनं चिकाचा तो फद फद आवाज मोबाईलमध्ये घेऊन ठेवला आहे. मायला ऐकवला तर तिनं डोळे मिटून ऐकला आणि म्हणाली, "हा जरा जास्तच झालाय."

वहीत अजून बिबड्यांचं पान कोरं आहे. ज्वारी किती दिवस भिजवायची, लसूण किती, ओल्या फडक्यावर थापताना हात कसा फिरवायचा, सगळं मायच्या तोंडून लिहून घ्यायचं आहे. येत्या रविवारी ज्वारी भिजत घालतो आहोत. गटातल्या ज्यांना यायचं आहे त्यांनी आपापली परात आणि जुनं सुती फडकं घेऊन या. पोरांनाही आणा. राखणीला लागतील.