रंग कोणता? यंत्राने मराठीतही विचारावे

गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयाला रंग द्यायचे ठरले. वर्गणी जमली आणि समितीतील आम्ही तिघे बेळगावात एका रंगाच्या दुकानात गेलो. पूर्वी दुकानदार शेडकार्ड पुढ्यात टाकी आणि आपण रंगावर बोट ठेवी. आता दाराशीच माणसाच्या उंचीचे एक यंत्र उभे होते. काचेच्या पडद्यावर बोट टेकले की खोलीचे चित्र दिसते आणि भिंतींचे रंग बदलतात. यंत्र खरोखरच देखणे. पडद्यावर भाषा मात्र दोनच, कन्नड आणि इंग्रजी.

आमच्याबरोबर वाचनालयाचे सर्वांत जुने सभासद, सत्तरी ओलांडलेले आण्णा होते. त्यांनी सांगितले, "अबोली रंग द्या." पडद्यावर शेकडो इंग्रजी नावे. दुकानातल्या मुलाने दोन-चार ठिकाणी बोट टेकून एक रंग दाखविला. "हाच ना?" आम्हीही मान डोलावली. मोजमाप कोणी विचारले नाही. दहा लिटरचा डबा गळ्यात पडला. भिंतीला दोन हात दिल्यावर उमटला तो भगभगीत गुलाबी. आण्णा म्हणाले, "मास्तर, मी अबोली म्हटलं होतं, ह्यो तर उदबत्तीच्या पुड्याचा रंग!" एकदा मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही. आण्णा आता त्या भिंतीकडे पाठ करून पेपर वाचतात.

या फजितीचा दोष एकट्या दुकानदारावर टाकता येणार नाही. परंतु असे यंत्र बनविताना काय काय विचारात घ्यावे लागते, याचा आम्ही त्यानंतर बराच विचार केला. त्यात सीमाभागातील आपल्या भाषेचा एक जुना प्रश्न नव्या रूपात समोर आला. म्हणून हा लेखनप्रपंच.

यंत्राला नाव नको, क्रमांक हवा

रंग मिसळणारे यंत्र कोणतीच भाषा जाणत नाही. प्रत्येक छटेला एक क्रमांक असतो. क्रमांक दिला की पांढऱ्या किंवा पारदर्शक मूळ रंगात ठरलेली रंगद्रव्ये ठरलेल्या मापाने थेंब थेंब पडतात आणि डबा घुसळला जातो. नाव ही वर चिकटविलेली चिठ्ठी. ती कन्नड असो, इंग्रजी असो वा मराठी, डब्यातल्या रंगात तसूभर फरक पडत नाही. पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटविण्याची सोय जागतिक संकेतप्रणालीत १९९१ पासूनच आहे. म्हणजे अडचण यंत्राची नाही, यंत्र आखणाऱ्याच्या नजरेची आहे.

मग हजारो छटांना मराठी नावे कोठून आणायची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या व्याकरणातच आहे. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकला शिक्षकाने १९०५ साली रंग सांगण्याची एक पद्धत मांडली. मूळ रंग कोणता, तो फिकट की गडद आणि तो भडक की मळकट, एवढे तीन प्रश्न विचारले की कोणतीही छटा नेमकी सांगता येते. आपल्या आयाबाया हेच तर रोज करतात! हिरवट, हिरवा, हिरवागार. पिवळसर, पिवळा, पिवळाधमक. तांबूस, लाल, लालभडक. पांढुरका आणि पांढराशुभ्र यांतला फरक घरातल्या कोणालाही शिकवावा लागत नाही. मूळ वीसेक रंग आणि या पायऱ्या मराठीत दिल्या, तर यंत्राला बोलण्यापुरते शब्द होतात.

पुठ्ठ्याचा पडदा

नवे यंत्र बनविण्याआधी कागदावर त्याची नक्कल करून माणसांपुढे ठेवावी, अशी या क्षेत्रातील रीत आहे. आम्हीही वाचनालयात पुठ्ठ्याचा पडदा केला, त्यावर रंगीत कागद आणि प्रश्नांच्या चिठ्ठ्या लावल्या आणि गावातल्या दहा-बारा जणांना बोट टेकवायला सांगितले.

पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. 'उष्ण रंग हवा की शीत?' असे आम्ही पुस्तकी भाषेत लिहिले होते. कोणालाच ते कळेना. पण 'खोली कोणती? ऊन कोणत्या बाजूने येते? पावसात भिंतीला ओल येते का? खोलीत चूल आहे का?' असे विचारताच सगळे भराभर बोलू लागले. खानापूरकडचा पाऊस सोसणाऱ्या घराला रंगाच्या आधी ओलीचाच प्रश्न विचारला पाहिजे. ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा, मग रंग, असे यंत्राने सरळ सांगावे. गिऱ्हाइकाचे हित त्यात आहे आणि दुकानाची अब्रूही.

दुसरा धडा मापाचा. आमचे वाचनालय वीस फूट लांब, बारा फूट रुंद, दहा फूट उंच. चार भिंती मिळून ६४० चौरस फूट, त्यातून दार व दोन खिडक्यांचे ६० वजा केले की राहिले ५८०. दोन हातांसाठी लिटरला १०० चौरस फूट धरले, तर सहा लिटर पुरतात. चारचा एक आणि एकेकाचे दोन डबे पुरले असते. आम्ही घेतले दहा! हा हिशेब पाचवीतला मुलगा करील. यंत्राने तो न विचारता करून दाखवावा.

तिसरा धडा डोळ्यांचा. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, भिंत मात्र बाहेरचा प्रकाश परतविते. म्हणून पडद्यावरचा रंग भिंतीवर तसाच दिसत नाही. दुकानातल्या दिव्याखाली एक, अंगणात दुसरा, अशीही गत होते. म्हणून यंत्राने शेवटी 'छापील नमुना उजेडात नेऊन पाहा, लहान डबा आणून भिंतीवर हातभर पट्टा ओढून वाळू द्या', असे सांगितलेच पाहिजे. आणि हाती एक चिठ्ठी द्यावी. तीवर मराठी नाव, छटेचा क्रमांक, किती लिटर. ती रंगाऱ्यालाही कळेल.

मागणी आणि जबाबदारी

ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत, तेथे महत्त्वाची सरकारी परिपत्रके त्यांच्या भाषेतही द्यावीत, हे तत्त्व देशात केव्हाच मान्य झाले आहे. सीमाभागात त्यासाठी आपण वर्षानुवर्षे निवेदने देत आलो. दुकानातले यंत्र त्या तत्त्वात बसत नाही, हे आम्ही जाणतो. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवे, असा कायदा कर्नाटकाने २०२४ मध्ये केला. कन्नड काढा, असे आमचे म्हणणे नाही. शेजारच्या भाषेशी आमचे भांडण नाही. कन्नड व इंग्रजीबरोबर तिसरे बटण मराठीचे असावे, एवढेच. ज्याच्या पैशाने दुकान चालते, त्याला त्याच्या भाषेत विचारणे हा व्यापाराचाही साधा धर्म आहे.

परंतु वाचकहो, उद्या कंपनीने विचारले, "द्या तुमचे शब्द", तर आपण काय देणार? पुठ्ठ्याच्या त्याच पडद्यापुढे आम्ही आमच्या सातवीच्या मुलांना उभे केले. अबोलीला ती 'पिंक' म्हणाली, राखाडीला 'ग्रे'. आमसुली, गुलबक्षी, अंजिरी, मोरपंखी, शेवाळी हे शब्द बहुतेकांनी ऐकलेच नव्हते. आमची मान खाली गेली. शिकविणारे आम्हीच ना!

हे शब्द अजून मेलेले नाहीत. वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकरांच्या घरी, लुगड्यांच्या जुन्या दुकानांत, चुन्यात नीळ घालून भिंती पांढऱ्या करणाऱ्या आणि खाली कावेचा पट्टा ओढणाऱ्या म्हाताऱ्या हातांपाशी ते आहेत. म्हणून आम्ही समितीत ठरविले आहे. मुलांनी या उन्हाळ्याच्या सुटीत घरोघर जावे, रंगाचा तुकडा आजीपुढे धरावा आणि "याला काय म्हणता?" एवढेच विचारावे. ती म्हणेल तो शब्द तुकड्यामागे लिहावा. जगातल्या ११० भाषांतील रंगनावे अभ्यासकांनी १९७६ पासून अशीच रंगाचे तुकडे दाखवून गोळा केली. आपल्याला तर एकाच भाषेचे काम करायचे आहे.

ती यादी घेऊन आम्ही दुकानदारांकडे जाऊ आणि त्यांच्यामार्फत कंपन्यांकडेही. इतर गावांच्या शाळांनी आणि वाचनालयांनीही हे काम हाती घ्यावे, अशी विनंती आहे. वाचनालयाची भिंत पुन्हा रंगवायची आहेच. तेव्हा आण्णांना बोट टेकवून अबोली मिळावी, इतकीच आमची इच्छा.